हार घातलेला संघ

भूषणने एका सकाळी पंधरा माणसं मारली, आणि दुपारपर्यंत त्यांतला एक जण स्वतःच्याच फोटोसाठी हार घेऊन आला.

त्याचं असं झालं. अमळनेरच्या हिंदतारा फुटबॉल क्लबला पन्नास वर्षं होत होती. अमळनेरात फुटबॉलला कोण विचारतं, असा प्रश्न क्लबबाहेरचे लोक विचारतात. क्लबमधले विचारत नाहीत, कारण त्यांना उत्तर माहीत आहे. तरी पन्नास वर्षं म्हणजे पन्नास वर्षं. रविवारी कार्यक्रम, त्याची स्मरणिका, आणि मैदानाच्या फाटकावर मोठा फ्लेक्स. स्मरणिका आणि फ्लेक्स दोन्ही भूषणच्या गळ्यात पडलं. तो टायपिंगच्या दुकानात बसतो आणि संघात राखीव गोलकीपर आहे. राखीव गोलकीपरला वेळच वेळ असतो, असं सेक्रेटरी दीपकभाऊंचं मत, आणि ते अगदीच खोटं नाही.

फ्लेक्सवर एक भाग 'भावपूर्ण श्रद्धांजली'चा होता. भूषणने क्लबच्या खोलीत जाऊन भिंतीवरचे हार घातलेले सगळे फोटो मोबाइलवर काढले आणि फ्लेक्सवाल्याला पाठवून दिले. त्यांत एक फोटो पंधरा जणांचा होता. आडव्या पट्ट्यांच्या जर्सी, बैलासारखे खांदे, आणि सगळ्यांच्या डोक्यावरून गेलेला चंदनाच्या भुशाचा जाड हार. हाराचं एक टोक उजव्या कोपऱ्यातल्या माणसाच्या तोंडावर लोंबत होतं. पंधरा जण एकदम कसे गेले, असं भूषणच्या मनात आलं खरं. मग त्याने स्वतःच उत्तर दिलं, काहीतरी अपघात झाला असेल, आपण तेव्हा तिसरीत होतो. अमळनेरसारख्या गावात पंधरा माणसं एकदम गेली असती तर तिसरीतल्या पोरालासुद्धा पंधरा वेळा कळलं असतं, हे त्याच्या डोक्यात आलं नाही. फ्लेक्सवाल्याने कॉम्प्युटरवर हार पुसला. कोपऱ्यातल्या माणसाचं तोंड हाराखाली सापडेना, म्हणून त्या जागी त्याने एक समई ठेवून दिली.

मंगळवारी फ्लेक्स लागला. दुपारी रुपचंदनाना खांद्यावर पाच हाती झेंडूचा हार टाकून आले. बसस्टँडसमोर त्यांचं फुलांचं दुकान आहे. दुकान म्हणजे एक बाकडं, दोन टोपल्या आणि बायको प्रमिलाबाई. क्लबचे सगळे हार वर्षानुवर्षं तिथूनच येतात. नाना फ्लेक्ससमोर थांबले. 

"भाऊ," ते अहिराणीत म्हणाले, "हाऊ मधला कोन शे?"

"दिवंगत खेळाडू आहेत, नाना. क्लबचे."

"कव्हय मरना?"

"जुनी गोष्ट आहे."

"हां." नानांनी मान डोलावली. "मंग मी कोन शे?"

भूषणने फ्लेक्सकडे पाहिलं, नानांकडे पाहिलं, पुन्हा फ्लेक्सकडे पाहिलं. मधल्या रांगेत, छातीशी एक लांबुळका चेंडू धरून, अठरा-वीस वर्षांनी तरुण असे रुपचंदनाना उभे होते. फ्लेक्स खाली उतरवावा की माफी मागावी, की पळून जावं, यांतलं काहीच त्याला सुचेना. नानांनी मात्र स्टूल ओढलं, वर चढले, आणि आणलेला हार व्यवस्थित, दोन्ही बाजू सारख्या करून, स्वतःच्या फोटोवर चढवला.

"नाना, अहो हे काय करताय!"

"ऑर्डर व्हती ना? मी आनेल हार परत लई जात नही." खाली उतरून त्यांनी एकदा लांबून पाहिलं. "फोटो बरा शे. पन तठे समई काबर लायी?"

संध्याकाळपर्यंत फ्लेक्सचा फोटो मोबाइलमधून मोबाइलमध्ये फिरला. सुरतहून हिलाल नावाच्या माणसाच्या बायकोचा फोन आला. माझ्यासमोर बसून खिचडी खातोय तो कोण आहे, एवढंच तिला विचारायचं होतं. शिरपूरहून तेरसिंग पावराचा फोन आला, त्याला मात्र राग आलेला नव्हता. श्रद्धांजलीला जेवण आहे का, असं तो विचारत होता.

दीपकभाऊ मोटारसायकल फेकल्यासारखी लावून आले. वय अठ्ठेचाळीस, ठिबकच्या नळ्यांचं दुकान, एकेकाळी जिल्ह्यात ज्याच्या फ्री किकला भिंत लावताना पोरं खाली हात धरायची असा खेळाडू.

"उतरव आधी ते! अक्कल कुठं ठेवली होती? हार दिसला की माणूस मेला?"

"भाऊ, भिंतीवर हार घातलेला फोटो म्हणजे आणखी काय असतं?"

दीपकभाऊंचा आवाज वाढला. "रग्बी-बिग्बी काही नव्हतं आपल्याकडे. एका फोटोपुरतं होतं ते. स्मरणिकेत त्याचं नाव काढायचं नाही. सोमवारी रंगवाला येतोय, तेव्हा तो फोटो पण भंगारात जाऊ दे."

नाना तिथंच उभे होते.  दीपकभाऊ गेल्यावर त्यांनी भूषणच्या पाठीवर हात ठेवला. तो हात असा होता की भूषण दोन पावलं पुढे गेला.

"पोऱ्या, पंधरा जन मारात तू. आते बठ्ठासले जित्ता कर. पुस्तकमा पंधरा नावं छाप."

"नाना, पण तुमच्या फोटोला हार घातला कोणी? आणि का?"

"पहिले जित्ता कर. मंग सांगसू."

पुस्तक शुक्रवारी छापायला जाणार होतं. मधे दोन दिवस. एकीकडे सेक्रेटरीचा हुकूम, दुसरीकडे एका जिवंत मयताचं मागणं. पण खरं सांगायचं तर भूषणला या दोघांपेक्षा त्या हाराने जास्त पछाडलं होतं. जिवंत माणसांच्या फोटोला कोण हार घालतं?

बुधवारी तो वही घेऊन बाकड्यावर जाऊन बसला. नानांच्या मांडीवर झेंडूचा ढीग होता. एकेका फुलाच्या चौपट त्यांचं बोट. सुई त्या बोटांत दिसतच नव्हती, फूल आपलं आपणच दोऱ्यात जातंय असं वाटायचं. दोरा संपला की ते जी गाठ मारत, ती फुलवाल्याची नव्हती. कापसाच्या गाठींवर तागाचं कापड शिवताना मारतात, ती होती.

"तीस वर्षं तीच मारी शे," प्रमिलाबाई म्हणाल्या. "लोक म्हनतस, अक्का, हार सुकस पन सुटत नही."

नाना जिनिंगमध्ये मुकादम होते. मैदानाची भिंत आणि जिनिंगची भिंत एकच. कापूस दाबून बांधलेल्या एकेका गाठीचं वजन दोन माणसांइतकं, आणि अशा शंभर गाठी फळीवरून ट्रकमध्ये चढवायच्या. चौदा जणांची टोळी होती. गाठीला खांदा लावून सगळे वाकायचे. नाना ओरडायचे, "वांगं!" आणि टोळी ओरडायची, "भरीत!" त्या 'भरीत'वर गाठ हलायची. आधी नाही, नंतर नाही.

"आणि रग्बी?"

"ती खोक्यामाईन उनी."

क्लबने कुठल्याशा योजनेत चेंडूंसाठी अर्ज केला होता. अर्जावर खूण फुटबॉलच्या चौकटीऐवजी शेजारच्या रग्बीच्या चौकटीत पडली. कोणाच्या हातून, हे पन्नास वर्षांच्या इतिहासात कधीच ठरलं नाही. खोकं आलं, त्यात वीस चेंडू, सगळे लांबुळके. क्लबवाल्यांना वाटलं, ट्रकमध्ये दबले. दोन दिवस ते पंप घेऊन बसले होते, गोल करायला. एक फुटला तेव्हा विश्वास बसला. जर्सीही आल्या होत्या, पंधरा. आणि मागोमाग पत्र आलं, सामान वापरात असल्याचा फोटो पाठवा.

फुटबॉलवाल्यांनी साफ नकार दिला. एकमेकांवर पडायचा खेळ, दात गेले तर लग्नं कशी होतील? मग कोणाला तरी भिंतीपलीकडची टोळी आठवली. जेवणाच्या सुट्टीत चौदा हमाल मैदानात आणले, जर्सी घातल्या, रांगेत उभे केले. एक जर्सी उरली, तिथे क्लबचाच एक जण उभा राहिला. फोटो निघाला.

"मंग जर्सी परत मांगाले लागनात," नाना म्हणाले. "हिलाल बोलना, मुकादम, आंगवर चढेल कपडा न खेळता उतारना म्हनजे नवरदेवनं लगीनबिगर परत येनं व्हयनं. मी म्हनं, खेळी देखूत."

तर असा तो संघ झाला, क्लबच्या मनात नसताना. फुटबॉलच्या गोलखांबांना बांबू बांधून उंच खांब झाले. नियम एका पुस्तिकेतून कोपऱ्यातल्या पंधराव्याने वाचून समजावले. चेंडू पुढे फेकायचा नाही, फक्त मागे द्यायचा, हे ऐकून फुटबॉलवाले हसले. हमालांना त्यात काही नवल वाटलं नाही. ट्रक रिकामा करताना पोतं मागच्याच्याच हातात जातं. आठ जणांनी खांद्याला खांदा लावून समोरच्या आठांना रेटायचं, हे तर रोजचंच काम, उलट समोरची गाठ इथे दोन पायांवर उभी.

एकच नियम त्यांच्या अंगात शिरेना. पकडून खाली पाडलं की चेंडू सोडून द्यायचा.

"आम्हना टोळीमा एकच कायदा," नानांनी सुई दातात धरली. "तू पड, माल पडाले नको. वीस वर्षं ज्या मानूसनी पडतापडता पोतं सोडं नही, त्याले सांगतस, सोड!"

धुळ्याला त्यांनी तीन वर्षांत पाच सामने खेळले. चार बऱ्यापैकी हरले. पाचवा धुळ्याच्या एका कॉलेजच्या संघाशी. 'वांगं', 'भरीत' ऐकून पंचाने खेळ थांबवला होता, ही शिवी आहे का म्हणून. ती शिवी नाही, जेवण आहे, हे पटवायला वेळ गेला. त्या सामन्यात दोनदा हिलाल चेंडू पोटाशी धरून पडला आणि सोडेना. पंचाने दोनदा शिक्षेची किक दिली, तीन आणि तीन, सहा गुण कॉलेजला. शेवटच्या मिनिटांत मात्र तेरसिंग निघाला. सातपुड्याच्या पायथ्याचा पोरगा, डोंगर उतरल्यासारखा पळायचा. बरोबर खांबांच्या मधोमध पोचला आणि तिथे चेंडू दोन्ही हातांनी अलगद टेकवला, काचेचं खोकं ठेवावं तसा. पाच गुण. आणि नियमाप्रमाणे त्यावर एक किक. गेली तर दोन गुण. सात-सहा.

"मारली?" भूषणचं पेन थांबलं होतं.

"आम्हनामा किक मारनारा एकच व्हता. पंधरावा. तो उनाच नही."

"मग?"

"मी पंचले सांगं, आम्हना मानूस येई राहिना, थांबा जरासा." नानांनी फाटकाकडे पाहावं तसं स्टँडच्या दाराकडे पाहिलं. "त्यानी घड्याळ देखं. शिट्टी मारी. सरनं."

त्यांच्यातल्या दुसऱ्या कोणी का मारली नाही, हे भूषणने विचारलं. नाना म्हणाले, "ज्याना माल त्यानी उचलाना."

पुढच्या हंगामात जिनिंगमध्ये गाठी उचलायचं यंत्र आलं. टोळी फुटली. कोणी सुरतला, कोणी बोदवडच्या रेल्वे धक्क्यावर, तेरसिंग शिरपूरला वॉचमन. जर्सींची क्लबने फरशी पुसायला फडकी केली. नानांनी प्रमिलाबाईंच्या माहेरचा फुलांचा धंदा धरला. वहीत चौदा नावं झाली. प्रत्येकाचं बापाच्या नावासकट आणि खांद्याच्या बाजूसकट. डावा खांदा, उजवा खांदा.

"पंधरावा?"

"त्यानं नाव मी नही सांगाव. त्याले त्याना तोंडवरी सांगू दे."

"अहो, पण तो आहे कोण? जिवंत आहे?"

प्रमिलाबाई फिस्सकन हसल्या. नवऱ्याने त्यांच्याकडे पाहिलं तशा त्या गिऱ्हाइकाकडे वळल्या.

गुरुवारी सकाळी भूषण क्लबच्या खोलीत गेला. खुर्चीवर चढून त्याने तो फोटो खाली घेतला. जे काम फ्लेक्सवाल्याच्या कॉम्प्युटरला जमलं नव्हतं, ते त्याने एका बोटाने केलं. हाराचं लोंबतं टोक बाजूला सारलं. मागे धुळीने न माखलेला एक लख्ख चौकोन निघाला आणि त्यात एक चेहरा. एक हात शेजारच्या हमालाच्या खांद्यावर टाकून, तोंड उघडं टाकून हसणारा. असं हसताना त्या माणसाला भूषणने कधी पाहिलं नव्हतं, म्हणून ओळखायला दोन सेकंद लागले.

म्हणजे मंगळवारी त्याने सेक्रेटरीच्या जागीच समई पेटवली होती.

फोटो पोत्यात गुंडाळून तो ठिबकच्या दुकानात गेला. दीपकभाऊ नळ्यांची वेटोळी मोजत होते. भूषणने पोतं सोडलं, फोटो काउंटरवर ठेवला आणि हाराचं टोक उचलून धरलं.  

दीपकभाऊंनी पाहिलं. दुकानातल्या पोऱ्याला कारण नसताना चहा आणायला पाठवलं.

"रुपचंदने दाखवला?"

"नाही भाऊ. ते नाव सांगायला तयार नाहीत. म्हणतात, त्याचं त्याला सांगू दे."

"हं." त्यांनी काच बोटाने पुसली, जिथे आधीच स्वच्छ होती तिथेच. "त्या शेवटच्या सामन्याच्या आदल्या संध्याकाळी क्लबात पोरं बोलली. दीपक आता गाठी वाहणार, हमालांच्या बगलेत डोकं घालणार. मी पण हसलो. सकाळी स्टँडवर गेलो होतो मी, जर्सी पिशवीत घालून. रसवंतीच्या मागे उभा राहिलो. रुपचंद एसटीच्या दारात. एक पाय आत, एक पाय खाली. कंडक्टर घंटी मारतोय, हा म्हणतोय, आमचा माणूस येतोय. चांगली चार-पाच मिनिटं धरली गाडी." त्यांनी काउंटरवरचा फोटो सरळ केला. "नंतर पंधरा वर्षं त्याच्याकडून हार घेतोय. कधी विचारलं नाही त्याने. विचारलं असतं तर बरं झालं असतं, लेका."

"भाऊ, पान छापू का?"

दीपकभाऊंनी वही ओढली. चौदा नावं वाचली. हिलालच्या नावाशी हसले. मग खाली लिहिलं: 'दीपक सोनवणे, किकर.' लिहिलेलं पाहिलं आणि 'किकर' खोडलं.

"छाप," ते म्हणाले.

शुक्रवारी छापायच्या आधी भूषणने पान नानांना वाचून दाखवलं. नानांना लिहिता-वाचता येत होतं, पण त्यांना ते ऐकायचं होतं. पंधरा नावं झाल्यावर ते म्हणाले, "आते इचार."

"हार कोणी घातला?"

"मीच."

"स्वतःला?"

"टोळी फुटनी त्या सालले क्लबनी खोली साफ करी. जुना कप, जुना फोटो बठ्ठं भंगारमा. मी हार देवाले गयथू, देखं तं आम्हना फोटो बी ढिगमा. काय करसू? भांडसू? मी कोन व्हतू? मंग घरथून चंदनना हार आना, फोटोले घाला आनि भितवर टांगी दिधा." नाना गालात हसले. "हार घालेल फोटो कोन फेकस, भाऊ? दारू पिनारा बी हात जोडस. पंधरा वर्षं कोनी हात लावा नही. पहिलाच तू, आनि तूनी मारी टाकं."

"आणि दीपकभाऊंच्या तोंडावर हार? तो मुद्दाम?"

नानांनी एक सुकलेलं फूल बाजूला टाकलं. "त्यानी लाज झाकाले," ते म्हणाले. मग म्हणाले, "मना डोळासमोर तो नको, म्हनीसन बी. दोन्ही."

रविवारी पंधरापैकी नऊ जण आले. तेरसिंग बायको रुपलीला घेऊन आला होता आणि जेवण खरंच आहे हे कळल्यावर खूश होता. सगळ्यांनी स्मरणिकेचं ते पान उघडून एकमेकांना आपापलं नाव दाखवलं. हिलालने विचारलं, "बापनं नाव बी छापं? मंग आते मरानी भीती नही." पानाच्या तळाशी भूषणने निकाल टाकला होता: 'धुळे ६, हिंदतारा ५. एक किक बाकी.' हे शेवटचे तीन शब्द कोणी टाकायला सांगितले नव्हते, आणि कोणी काढायलाही सांगितले नाहीत.

कार्यक्रमाला अवकाश होता. नानांनी फुलांच्या टोपलीतून, ओल्या गोणपाटाखालून, एक लांबुळका चेंडू काढला. वीसमधला शेवटचा. इतकी वर्षं प्रमिलाबाई त्याच्यावर पाय ठेवून हार गुंफत आल्या होत्या. कोणीतरी गोलखांबांना बांबू बांधले. दीपकभाऊ मांडवातून उठले, बूट काढले आणि मैदानात आले. चेंडू मातीत उभा राहीना. तीनदा ठेवला, तीनदा आडवा झाला. मग नाना पांढऱ्या सदऱ्यासकट पोटावर झोपले आणि एका बोटाने चेंडू टोकावर धरला.

"मार," ते म्हणाले.

"बोटाला लागेल, रुपचंद."

"तू मार तं खरं."

दीपकभाऊ पाच पावलं मागे गेले.  भूषणने मोबाइल काढला. आणि माइक खरखरला: प्रमुख पाहुण्यांचं आगमन झालेलं आहे, सेक्रेटरी दीपक सोनवणे यांनी ताबडतोब स्वागतासाठी व्यासपीठावर यावं, ताबडतोब यावं.

दीपकभाऊंनी मांडवाकडे पाहिलं, चेंडूकडे पाहिलं. "दोन मिनिटं," ते म्हणाले. "दोन मिनिटांत आलो. जाऊ नका." आणि एका हातात बूट घेऊन, गुडघा सांभाळत, पळत गेले.

नाना तसेच पडून राहिले, बोट चेंडूवर. भाषण सुरू झालं. पाहुणे फुटबॉलच्या जागतिक इतिहासापासून निघाले होते आणि अमळनेर अजून लांब होतं. तेरसिंगने खाली वाकून विचारलं, "मुकादम, उठतस का?"

नाना उठले. सदऱ्याची माती झटकली, चेंडू टोपलीत ठेवला, वर गोणपाट टाकलं. पाहुण्यांचे हार त्याच टोपलीत होते, ते त्यांना पोचवायचे होते.

"नाना, उद्या रंगवाला येणार," भूषण मागून चालत म्हणाला. "फोटोचा हार आता काढून टाकू ना? सगळे जिवंत झाले."

"रंगवाला जाऊ दे, मंग काढजो."

"आणि किक?"

व्यासपीठावर दीपकभाऊ अनवाणी उभे होते. बूट घालायला वेळच मिळाला नव्हता. मान पाहुण्यांकडे आणि डोळे मैदानाकडे.

"ती बाकी शे," नाना म्हणाले, आणि हार घेऊन पायऱ्या चढले.